कस

बंगळूरच्या सर्जापूर रोडवरून आत वळून दोन खड्डे आणि एक नारळपाणीवाला ओलांडला की कसवनहळ्ळीतली आमची गल्ली लागते. तिथे रोज सकाळी सव्वासातला कचऱ्याची गाडी येते. गाडीबरोबरची बाई शिट्टी फुंकते आणि एकच शब्द ओरडते, "कसऽऽ!" आई गणपतीसाठी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने आली. दुसऱ्या दिवशी सकाळी हा शब्द ऐकून तिने गॅलरीतून मला हाक मारली.

"अरे, ही बाई सकाळी सकाळी कसला कस काढतेय?"

मी सांगितलं, कन्नडमध्ये कस म्हणजे कचरा. शेवटचा 'स' ते पुरता म्हणतात, आपण गिळतो, तेवढाच फरक. (गावाच्या नावातही कस आहे. त्याचा कचऱ्याशी काही संबंध असेल असं मला वाटत नाही, आणि वाटलं तरी घरमालकासमोर ते मी बोलणार नाही.)

आईला हे पटलं नाही. कस सोन्याला असतो, जमिनीला असतो, माणसाला असतो. कचऱ्याला कसला आलाय कस? चहाचा कप ठेवत तिने विचारलं, "आणि तुझं ते ऑफिसात काय असतं रे नेमकं?"

"टेस्टिंग. सॉफ्टवेअरचा कस बघतो."

"आपला कस, की इथला?"

पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं. अप्रेझलमध्ये तर नाहीच नाही.

माझं काम ऑटोमेटेड टेस्टिंगचं. सॉफ्टवेअर माणसाने बटणं दाबून तपासायचं नाही. ते तपासणारं दुसरं सॉफ्टवेअर लिहायचं आणि रात्री आपण झोपलो की ते चालू द्यायचं. सकाळी मेल येते, इतक्या टेस्ट हिरव्या, इतक्या लाल. बाहेरच्या माणसाला वाटतं, लाल म्हणजे मोठा दोष हाती लागला. प्रत्यक्षात आमची अर्धी सकाळ जाते ती ही टेस्ट खरंच फुटली की काल रात्रीच्या कुणाच्या तरी खरकट्यावरून घसरली, हे शोधण्यात.

कारण प्रत्येक टेस्टला तीन भाग असतात. मांडायचं, तपासायचं, आवरायचं. समजा, ऑर्डर रद्द केल्यावर गिऱ्हाइकाचे पैसे परत मिळतात का हे बघायचंय. त्यासाठी आधी एक खोटं गिऱ्हाईक जन्माला घालायचं, त्याला पत्ता द्यायचा, त्याच्या नावाने ऑर्डर टाकायची, पैसे भरायचे. हा सेटअप. मग ऑर्डर रद्द करून पैसे आले का ते बघायचं. ही टेस्ट. आणि मग ऑर्डर, पत्ता, गिऱ्हाईक सगळं पुसून डेटाबेस होता तसा करून ठेवायचा. हे टिअरडाऊन.

आईने हे शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे सराफाच्या दगडासारखं."

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर तिचे वडील तिला लहानपणी घेऊन जायचे. सराफ काळ्या कसोटीच्या दगडावर बांगडी घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून सोन्याचा कस सांगतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तिच्या लक्षात राहिलं होतं ते त्याच्या पुढचं. रेघ बघून झाली की तो दगड पुसून ठेवायचा, आणि तोही प्रत्येक वेळी. नाही पुसला तर तुमच्या पितळेत आधीच्या गिऱ्हाइकाच्या पाटल्या चमकायच्या.

हा मांडा-आवराचा संस्कार आमच्या धंद्यात रुजवला तो केंट बेक याने. आधी स्मॉलटॉक या भाषेसाठी त्याने एसयुनिट लिहिलं. मग १९९७ साली तो आणि एरिक गॅमा झ्युरिकहून अटलांटाला निघाले होते, तेव्हा दोघांनी विमानातच जावासाठी जेयुनिट लिहायला घेतलं. प्रत्येक टेस्टच्या आधी सेटअप आणि प्रत्येक टेस्टनंतर टिअरडाऊन हा त्याचा कणा. मला वाटतं, विमानात बसले होते म्हणूनच त्यांचा हात या कामात इतका सहज चालला असेल. तुम्ही कालच त्याच विमानाने आला असाल, तरी आज पट्टा कसा लावायचा ते पुन्हा पहिल्यापासून दाखवणार. उतरायच्या आधी पिशवी घेऊन तुमचा कप गोळा करणार. आधीच्या प्रवाशाने त्या सीटवर काय खाल्लं हे तुम्हाला कळता कामा नये. तेच दोघं सर्जापूर रोडवरून विमानतळाकडे टॅक्सीने निघाले असते, तर विमानात बसायच्या आधीच पहिली आवृत्ती संपून दुसरीला हात घातला असता.

शब्द मात्र त्यांनी पाडापाडीचा निवडला, टिअरडाऊन. आपला 'आवरणं' हा जास्त समंजस आहे. त्यात आवर घालणंही येतं. ते किती महत्त्वाचं असतं हे मला पुढे चांगलंच कळलं.

सेटअप लिहायला सगळ्यांना आवडतं. त्यात निर्मिती आहे. आमच्या टीममधला एक मुलगा आपल्या खोट्या गिऱ्हाइकांना पूर्ण जन्मकहाणी देतो. नाव, जन्मतारीख, नॉमिनी, आवडता पत्ता, नावडता पत्ता. टिअरडाऊनची वेळ आली की हाच मुलगा तिथे एक ओळ लिहितो, 'नंतर करू'. आमच्या कोडमध्ये 'नंतर करू' ज्या ज्या जागी लिहिलंय, त्यातल्या काही जागा मी या कंपनीत येण्याच्या आधीपासूनच्या आहेत. लिहिणारे नोकरी सोडून गेले, एक तर कॅनडात स्थायिक झाला. 'नंतर' अजून आलेलं नाही.

न आवरण्याचा परिणाम पहिल्या रात्री दिसत नाही. तो दुसऱ्या रात्री दिसतो. टेस्ट पुन्हा तेच गिऱ्हाईक, तोच मोबाइल नंबर घेऊन नोंदणी करायला जाते आणि सिस्टीम म्हणते, हा नंबर आधीच आहे. टेस्ट लाल. यावर सरळ उपाय म्हणजे कालचं गिऱ्हाईक पुसणं. आमच्याकडे (आणि या रस्त्यावरच्या बहुतेक इमारतींत, हे मी पैजेवर सांगतो) जो उपाय होतो तो वेगळा. नावापुढे टाइमस्टँप जोडतात, म्हणजे ज्या सेकंदाला टेस्ट चालली त्या सेकंदाचा लांबलचक आकडा. आता रोज नवं नाव, टक्कर होण्याचा प्रश्नच नाही. टेस्ट हिरवी, टाळ्या, पीआर मर्ज.

घरात बघा. पाहुणे जेवून गेले, ताटं सिंकमध्ये तशीच आहेत. संध्याकाळी आणखी पाहुणे येणार. तर आपण बाजारात जाऊन नवी ताटं आणतो. उद्याही आणतो. घरात ताटांना जागा उरत नाही तेव्हा मोठं घर घेतो, आणि त्याला इन्फ्रास्ट्रक्चर अपग्रेड म्हणतो. आमच्या टेस्टच्या डेटाबेसमध्ये आता खोट्या माणसांची अशी वस्ती झाली आहे की गिऱ्हाइकांची यादी उघडायचं पान टाइमआउट होतं. त्या यादीची टेस्ट त्यामुळे रोज फुटते. तिला वेळ वाढवून दिला आहे.

न आवरणाऱ्यांचा एक दुसरा आधार असतो, क्रम. पहिली टेस्ट गिऱ्हाईक बनवते आणि टाकून जाते, दुसरी तेच वापरते, तिसरी दुसरीची ऑर्डर रद्द करते. जोवर सगळ्या रांगेने चालतात तोवर एकत्र कुटुंबासारखं छान चालतं. २०११ साली जावा ७ आलं आणि टेस्ट ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने चालतील याचा भरवसा संपला. जगभर कित्येकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्या टेस्ट एकमेकींच्या उष्ट्यावर जगत होत्या. जेरार्ड मेझारोसच्या २००७ सालच्या जाडजूड पुस्तकात अशा एका टेस्टला 'लोनली टेस्ट' म्हटलंय. बाकीच्या आधी चालून गेल्या असतील तरच ही पास होते, एकटी चालवली की फुटते. एकटीने उभं राहायची तिला सवयच नसते. मी असे दोन आर्किटेक्ट पाहिले आहेत.

आणि कधी कधी कुणाचाच दोष नसतो तरी टेस्ट आज हिरवी, उद्या लाल, परवा पुन्हा हिरवी. आम्ही तिला लहरी म्हणतो. गूगलने २०१६ साली मोकळेपणाने सांगून टाकलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट कमी-जास्त लहरी आहेत. ते वाचून आमच्या मॅनेजरबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी ती बातमी स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या उभ्याउभ्या बैठकीत, सगळ्यांना वाचून दाखवली. उपाय म्हणून त्यांनी 'रीरन मारा' एवढंच सांगितलं.

सामायिक सेटअप ही आणखी एक भानगड. प्रत्येक टेस्टसाठी नव्याने मांडायचं म्हणजे वेळ जातो, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच मांडतात. जेयुनिट ५ मध्ये याला बिफोरऑल म्हणतात, आणि दर टेस्टसाठी वेगळं मांडलं तर ते बिफोरईच. आईला फरक सांगायला मला लांब जावं लागलं नाही. बिफोरऑल म्हणजे पाण्याचा टँकर, बिफोरईच म्हणजे प्रत्येकाने आपापली बादली भरणं. २०२४ च्या मार्चमध्ये इथे पाण्याची अशी बोंब झाली की टँकरचे दर प्रशासनाला बांधून द्यावे लागले, पाच किलोमीटरच्या आत १२,००० लिटरला १,००० रुपये. टँकर अख्ख्या इमारतीसाठी एकदाच यायचा. तळमजल्यावरचे गृहस्थ सकाळी सहाला कार धुवायचे. आठ वाजता तिसऱ्या मजल्यावर मी डोक्याला शाम्पू लावून नळाकडे बघत उभा. माझी टेस्ट लाल. तपासून बघितलं तर माझ्या कोडमध्ये काही चूक नाही.

आता एक बारकावा, जो मुलाखतीत विचारला की उमेदवार पाणी मागतात. सेटअपच मधे फसला, तर टिअरडाऊन चालतं का? जुन्या जेयुनिटमध्ये आणि पायथनच्या युनिटटेस्टमध्ये उत्तर आहे, नाही. मांडणी पुरी झाली नाही, सबब आवरायला कुणाला बोलावलंच जात नाही. अर्धवट मांडलेलं तसंच पडून राहतं. हा नियम नव्या पोरांना समजावताना मी पूर्वी फळ्यावर चित्रं काढायचो. आता त्यांना खिडकीपाशी नेतो. खाली रस्ता खोदलेला आहे. हा सेटअप. त्यात केबल यायची होती, ती आली नाही. सेटअप फसला. त्यामुळे बुजवणाऱ्याला निरोपच गेलेला नाही. चार महिने झाले, खड्ड्याभोवतीची हिरवी जाळीसुद्धा आता कुणीतरी घरी नेली आहे. पोरांना नियम कायमचा समजतो.

पायथनवाल्यांनी यावर ॲडक्लीनअप नावाची सोय काढली. एकेक वस्तू मांडतानाच ती कशी उचलायची तेही नोंदवून ठेवायचं. पुढे काही फसलं, तरी तोवर मांडलेलं उचललं जातं, आणि तेही उलट्या क्रमाने. शेवटी मांडलेलं आधी निघतं. डब्याचे कप्पे काढावेत तसं.

उलट्या क्रमाची गोष्ट आईला सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे गणपती बसवायला सगळे हजर असतात. मखराला कुठला रंग यावर चर्चा होते, फोटो निघतात. उत्तरपूजेच्या वेळी मात्र बायकोचा कॉल चालू होता आणि माझा स्टँडअप. आई एकटी पाटावर. तिने अक्षता वाहिल्या, दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवला आणि मूर्ती दोन्ही हातांनी जागेवरच जराशी हलवली. बोटभर असेल. तोवर तो देव होता, आता निघालेला पाहुणा. मग हार आणि दुर्वा निर्माल्याच्या पिशवीत, मग मूर्ती पाटावर, मग चौरंग, आणि मखर सगळ्यात शेवटी. मी लॅपटॉप म्यूट करून बघत राहिलो. पूजेच्या शेवटी आपण देवाला सांगतो की बाबा, मला आवाहन येत नाही आणि विसर्जनही येत नाही, सांभाळून घे. सेटअप येत नाही, टिअरडाऊन येत नाही. इतका प्रांजळ बग रिपोर्ट आमच्या टीममध्ये आजवर कुणी लिहिलेला नाही.

विसर्जन गॅलरीत, बादलीत. मूर्ती शाडूची, वीतभर. आईला ते जरा खटकलं, "तळं आहे म्हणतोस ना जवळ?" तळी आहेत, आणि त्यांचीही एक रांग आहे. कैकोंड्रहळ्ळीचं भरलं की पाणी सौळकेरेत, तिथून बेळ्ळंदूरला, पुढे वर्तूरला. एका तळ्याचं टिअरडाऊन हा पुढच्याचा सेटअप. जुन्या माणसांनी फार विचारपूर्वक बांधलेली व्यवस्था, पण मधले नाले कुणी बुजवले, कुणी त्यावर इमले उठवले. २०१७ आणि २०१८ साली बेळ्ळंदूरच्या तळ्याने पेट घेतला होता. पाण्याला आग लागणं हे कुठल्याही टेस्टमध्ये लिहिलेलं नसतं. आणि २०२२ च्या भाद्रपदात, नेमकी गौरीविसर्जनाची ती रात्र आणि दिवस, असा पाऊस झाला की या भागातली मंडळी ट्रॅक्टरवर उभी राहून ऑफिसला गेली. लॅपटॉपची बॅग छातीशी, चपला हातात. त्या वर्षी कुणाला गणपती तळ्यापर्यंत न्यावा लागला नाही. तळंच दाराशी आलं होतं.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की मी आवरणाऱ्यांच्या बाजूचा आहे. आहेच. पण आवरणाऱ्यांचाही एक आजार असतो, आणि तो मला झाला होता.

एका शुक्रवारी त्या खोट्या गिऱ्हाइकांच्या वस्तीला कंटाळून मी ठरवलं, आज साफ करायचीच. आमच्या टेस्टांनी बनवलेल्या सगळ्या खात्यांची नावं 'टेंप' आणि अंडरस्कोर, म्हणजे अक्षरांच्या तळाशी काढलेली ती आडवी रेघ, अशी सुरू होतात. मी एका ओळीची क्वेरी लिहिली. 'टेंप', आडवी रेघ आणि पुढे काहीही असं ज्याचं नाव असेल, ते पुसून टाक. चालवली. किती ओळी गेल्या तो आकडा बघून इतकं हलकं वाटलं की मी खाली जाऊन फिल्टर कॉफी प्यायलो. घट्ट, साखर जास्त.

सोमवारी सकाळी डेमो होता. एका देवस्थानाला ऑनलाइन प्रसादाची सोय करून द्यायची होती, त्यासाठी आमच्या सेल्सच्या माणसाने त्याच डेटाबेसमध्ये दोन आठवडे खपून खातं सजवलं होतं. लाडू, पंचामृत, अभिषेकाच्या वेळा, सगळं भरून. खात्याच्या नावाचा पहिला शब्द होता 'टेंपल'.

एसक्यूएलमध्ये लाइक लावून शोधताना ती आडवी रेघ म्हणजे रेघ नसते. तिचा अर्थ, इथे कुठलंही एक अक्षर चालेल. इंग्रजीत टेंपच्या पुढे एल आणि ई लागले की देऊळ होतं. तात्पुरतं काय आणि देवाचं काय, यात मशीन फरक करत नाही. रेघेच्या आधी एक सुटकेचं चिन्ह द्यायचं असतं, हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे. इतरांना शिकवलंही आहे.

देवस्थानाचे विश्वस्त अर्धा तास रिकाम्या पडद्याकडे बघत बसले. शेवटी त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी "स्वल्प लेट, परवागिल्ला" म्हणून आम्हालाच धीर दिला.

माझ्या जातीचे लोक जगात आहेत एवढंच समाधान. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका इंजिनिअरने दमलेल्या अवस्थेत, बिघडलेल्या राखीव सर्व्हरवरचा डेटा साफ करायचा म्हणून पुसायची आज्ञा दिली आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर बसलो आहोत. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. आवरायला उठला आणि दुसऱ्याचं घर आवरून बसला. कंपनीने त्याचं नाव न घेता सगळी हकिगत जाहीर केली, हे मला फार आवडलं. आमच्याकडे माझं नाव मेलच्या विषयातच होतं.

त्यानंतर मी एक नियम केला. आपण मांडलेलंच आपण उचलायचं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. टेस्टने आपण बनवलेल्या खात्याचा क्रमांक जपून ठेवायचा आणि शेवटी तेवढाच पुसायचा. पाटी करून मी ती डेस्कवर चिकटवली आहे.

आईचा मुक्काम गौरीनंतर आठ दिवसांनी संपला. जायच्या आदल्या दिवशी तिने स्वयंपाकघर असं आवरलं की ते आमचं वाटेना. डबे पुसले, ओटा घासला, मखराचे खिळे काढून एका काड्यापेटीत भरले आणि पेटीवर 'मखर' लिहिलं. मी तिला रात्री स्टेशनवर सोडून आलो. परत आल्यावर तिच्या मेहनतीला शोभेल असं काहीतरी करावं म्हणून फ्रिज उघडला. मागच्या कोपऱ्यात एक स्टीलची लहान वाटी होती, वर बशी झाकलेली. आत तळाशी चमचाभर पांढरं काहीतरी चिकटलेलं. मी वाटी घासली, धुतली, पुसली आणि जाळीत उपडी घातली.

सकाळी सव्वासातला शिट्टी वाजली. "कसऽऽ!" मी पिशवी घेऊन खाली पळालो. जिन्यातच फोन वाजला. राणी चन्नम्मा मिरजेला पोचायची होती, पण आईला धीर नव्हता.

"ऐक, दूध तापवून ठेवलंय. फ्रिजमध्ये मागे वाटीत चमचाभर विरजण राखलंय, घरून आणलेलं. रात्री लावायचं राहिलं, ते आज आठवणीने लाव. इथलं दही आंबट असतं."

मी हो म्हणालो. पिशवी गाडीत टाकली, वर आलो, जाळीतली वाटी उचलली. लखलखीत होती. ती घेऊन शेजारच्या काकूंचं दार वाजवलं आणि माझ्या तुटक्या कन्नडमध्ये म्हणालो, "आंटी, स्वल्प मोसरु कोडि."

काकूंनी वाटीत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "अम्मा काल रात्रीच गेल्या ना?" एवढं विचारून त्या आत वळल्या.